क्युरेटर, 'शिलाधर' आणि खंड्याचा रंग

प्रश्न असा आला आहे: "माझी भाची परदेशातल्या एका संग्रहालयात कोरियन कलेच्या दालनाची क्युरेटर आहे. तिचं पद मराठीत काय सांगावं? तिच्या दालनातल्या हिरव्या भांड्यांना 'सेलाडॉन' म्हणतात. तो शब्द मूळचा संस्कृत 'शिलाधर' आहे, असं वाचनात आलं. खरं आहे का?"

पदाचं आधी उरकतो. सरकारी मराठीत क्युरेटरला 'अभिरक्षक' म्हणतात. लॅटिन 'कूरा' म्हणजे काळजी, देखभाल. त्या अर्थाशी तो जुळतोही. पण त्यात राखणदारीच तेवढी ऐकू येते. कोरियन शब्द आहे 'हाग्येसा': 'हाक' म्हणजे विद्या, 'ये' म्हणजे कला, 'सा' म्हणजे त्यातला जाणकार. तिथे हे कायद्याने ठरलेलं पद आहे; सहायक, मग तिसरी, दुसरी आणि पहिली श्रेणी, अशी चढत जाणारी. वस्तू ओळखायची, तिचा काळ ठरवायचा, ती कुठल्या थडग्यातून कुणाच्या हाती गेली याचा माग काढायचा आणि मग तिला नेमकं नाव द्यायचं, हे सगळं त्या कामात येतं. म्हणून गाण्यांची यादी 'क्युरेट केली', जेवणाची थाळी 'क्युरेट केली' असं कानावर पडलं की मला राग येतो. निवडली म्हणा, लावली म्हणा, मांडली म्हणा. मराठीला क्रियापदांचा तुटवडा नाही.

आता शिलाधर. ही व्युत्पत्ती चांगल्या जाडजूड, रंगीत चित्रांच्या ग्रंथांतून फिरते आणि आपले लोक ती अभिमानाने पुढे पाठवतात. दावा असा की 'शिला' म्हणजे दगड आणि 'धर' म्हणजे हिरवा. धर म्हणजे हिरवा? गिरिधर, चक्रधर, गंगाधर, मुरलीधर यांतला कोण हिरवा आहे? 'धर' म्हणजे धारण करणारा, हे ज्याने शाळेत दोन वर्षं संस्कृत घेतलं त्यालाही ठाऊक असतं. शिलाधर म्हणजे फार तर दगड धारण करणारा. त्यातून हिरवं भांडं निघत नाही. हे लिहिणाऱ्या विद्वानांनी एकदाही संस्कृत कोश उघडला नाही, आणि आपण संस्कृतच्या प्रेमापोटी त्यांच्यावर विश्वास ठेवला, याचं मला जास्त वाईट वाटतं. दुसरं एक मत सुलतान सलादीनचं नाव पुढे करतं. त्याने अशी भांडी भेट पाठवली होती म्हणे. तेही ओढूनताणून. सर्वांत पटण्याजोगी व्युत्पत्ती साधी आहे. सतराव्या शतकातल्या एका लांबलचक फ्रेंच प्रेमकथेत सेलादों नावाचा मेंढपाळ नायक आहे. फिकट हिरवा रंग त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि पुढे त्या रंगाची पूर्वेकडची भांडीही.

म्हणजे 'सेलाडॉन' हे युरोपने बाहेरून चिकटवलेलं नाव. भाचीच्या दालनातली भांडी बहुधा कोरियाच्या गोर्यो राजवटीतली (९१८ ते १३९२) असतील. ती ज्यांनी घडवली त्यांच्याकडे स्वतःचा शब्द होता, आणि खरी मौज त्या शब्दात आहे.

सन ११२३. चीनच्या सोंग सम्राटाच्या शिष्टमंडळाबरोबर शू जिंग नावाचा अधिकारी गोर्योच्या राजधानीत, म्हणजे आजच्या केसोंगला, गेला. परत येऊन त्याने सविस्तर वृत्तांत लिहिला. त्यात तो सांगतो की हिरव्या भांड्यांच्या रंगाला इथले लोक 'बिसॅक' म्हणतात, आणि अलीकडे त्यांची कारागिरी फार सुधारली आहे. लुकणात, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपात, थोडं लोह, भट्टीत प्राणवायू जेमतेम, एवढ्यावर तो रंग उतरतो. पण लोहाचं प्रमाण किंवा भट्टीतली हवा थोडी चुकली की तो पिवळट किंवा तपकिरी होतो. कोरियातल्या कांगजिन आणि बुआनच्या भट्ट्यांनी तो साधला होता.

या 'बिसॅक'चा ('सॅक' म्हणजे रंग) अर्थ संग्रहालयांतल्या अनेक फलकांवर 'गुप्त रंग' असा छापलेला असतो. चूक! चीनमध्ये यूए भट्ट्यांच्या जुन्या भांड्यांना 'गुप्त रंगाची' म्हणत, हे खरं. पण शू जिंगने कोरियन रंगासाठी जे अक्षर लिहिलं आहे ते वेगळं आहे. त्या अक्षराचा अर्थ खंड्या पक्षी. आणि त्याच वृत्तांतात, कोरियन भांड्यांची तुलना करताना, तो यूएच्या 'गुप्त रंगा'चाही उल्लेख करतो, तिथे 'गुप्त'चं अक्षर वापरून. एकाच माणसाने दोन शब्द दोन अक्षरांनी वेगळे ठेवले असताना ते एक करून टाकणाऱ्यांना काय म्हणावं?

आता माझं मत, आणि ते मी सोडणार नाही. आजच्या चिनीत या दोन अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत, 'मी' आणि 'फेइ'. हीच चिनी अक्षरं कोरियन लोक वाचतात तेव्हा मात्र दोन्ही 'बि'. चीनचा 'गुप्त रंग' कोरियात आला, कानाला तसाच राहिला आणि कोरियनांनी अक्षर बदलून तो आपल्या पक्ष्याचा करून घेतला, असं मला वाटतं. याला आधार? इसवीसनाच्या १०० च्या सुमारास रचलेल्या चिनी शब्दकोशात खंड्याची दोन अक्षरं दिली आहेत. एक हिरव्या-निळ्या पिसांच्या पक्ष्याचं, दुसरं तांबड्या पिसांच्या पक्ष्याचं. हिरव्या भांड्याला नाव द्यायचं तर कुणीही पहिलं उचलेल. 'बिसॅक'मध्ये आहे ते दुसरं, तांबड्याचं! ते कशासाठी निवडावं? त्याचा उच्चार 'बि' आहे म्हणून, हिरव्याचा नाही. दोन्ही अक्षरं मिळून खंड्याचा जोडशब्द होतो, त्याचं हे नुसतं संक्षिप्त रूप आहे, असं काही अभ्यासक म्हणतात. संक्षेपच करायचा तर हिरवं टाकून तांबडं का ठेवलं, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

नावांचा असाच घोळ दुसऱ्या एका वस्तूचाही आहे, तो भाचीला नक्की माहीत असेल. रुंद खांद्यांच्या, निमुळत्या तळाच्या सुरईला सगळीकडे 'मेब्योंग' म्हणजे प्लमची सुरई म्हणतात. मग कोरियातल्या थेआनजवळच्या समुद्रात मादो इथे बुडालेल्या गोर्योकालीन जहाजात अशा सुरया सापडल्या, बांबूच्या चिठ्ठ्यांसकट. चिठ्ठीवर भांड्याचं नाव आहे 'जुन'. एकीत मध होता, दुसरीत तिळाचं तेल. कुणा अधिकाऱ्याकडे निघालेला माल तो. फुलाची एक फांदी खोचलेली सुरई आपण डोळ्यांसमोर आणतो आणि तिथे मध भरलेला असतो!

असो. 'गुप्त रंग' कुठे छापला असेल तर भाचीला तो खोडायला सांगा. मराठीत फलक लिहायची वेळ आली तर भांड्यांना कोरियन नावानेच 'छोंगजा' म्हणावं आणि रंगाला सरळ 'खंड्यारंगी'. ऐकायला नवा वाटेल, पण पोपटी, मोरपंखी, पारवा हे रंग आपण पक्ष्यांकडूनच घेतले आहेत, आणि कोरियातल्या ओढ्यांवर सूर मारणारा छोटा खंड्या आपल्या विहिरीच्या काठी बसणाऱ्याच जातीचा आहे.