न्यूझीलंडमध्ये क्लब लायसन्स घेतल्यावर रेट्स का वाढतात

तुमच्या क्रिकेट क्लबला गेल्या मोसमात क्लब लायसन्स (क्लबमध्ये दारू विकायचा परवाना) मिळालं आणि यंदा रेट्सचं, म्हणजे काउन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) मालमत्ता कराचं, बिल जवळपास दुप्पट आलं, हे वाचून राहवलं नाही. मी इथेच एका क्लबचा खजिनदार होतो, आमचंही असंच झालं होतं. मी वकील नाही, तेव्हा कायद्याचं एकदा जाणकाराकडून तपासून घ्या.

काउन्सिलने बिल हवेतून काढलेलं नाही. लोकल गव्हर्नमेंट (रेटिंग) ॲक्ट २००२ च्या पहिल्या परिशिष्टात खेळाच्या संस्थांच्या जमिनीला निम्मी सूट आहे, पण क्लब लायसन्स चालू असलेली जमीन त्यातून वगळली आहे. बार केवढा, नफा किती, आठवड्यातून किती तास उघडा, याला काही किंमत नाही. शनिवारी मॅच संपल्यावर चार सभासदांनी बिअर घेतली तरी सूट गेली. (पाणी, मलनिस्सारण आणि कचऱ्याचे वेगळे रेट्स आधीही पूर्णच लागत होते, म्हणून बिल नेमकं दुप्पट दिसत नाही.)

खरा प्रश्न किती जमीन वगळायची हा आहे. आमच्या लायसन्सच्या अर्जाला जोडलेल्या नकाशात लाल रेघ फक्त क्लबरूम आणि पुढच्या डेकभोवती होती. रेट्सवाल्यांनी मात्र मैदान, नेट्स, पार्किंग, सगळंच लायसन्सखाली धरलं. विचारायला गेलो तर म्हणाले, लायसन्स दुसरं खातं बघतं. त्या खात्यात गेलो तर ते म्हणाले, रेट्सचं आम्हाला विचारू नका. दोन्ही खाती एकाच इमारतीत, आणि तो एक पानी नकाशा उघडून बघायला कोणी तयार नाही! या टोलवाटोलवीत ३० जून उलटून गेला. नव्या वर्षाची आकारणी त्या तारखेच्या नोंदींवर होते, त्यामुळे आणखी एक अख्खं वर्ष पूर्ण रेट्स भरावे लागले. ज्युनियर मुलांच्या पॅड-हेल्मेटसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. फुकट राबणाऱ्या माणसांना असं हेलपाटे घालायला लावणं मला आजही संतापजनक वाटतं.

शेवटी रेटिंगच्या नोंदीवर लेखी हरकत घेतली, सोबत नकाशा जोडला, तेव्हा क्लबरूमचा भाग पूर्ण आणि बाकीची जमीन निम्म्या दराने धरली गेली. मागचे पैसे परत मिळाले नाहीत. तुमची काउन्सिल असंच करेल याची हमी मी देत नाही, पण फोनवर वेळ घालवू नका, सगळं लेखी द्या. तोवर हप्ते भरत राहा, थकबाकीवर १० टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. रेमिशनचं (रेट्स माफीचं) धोरणही वाचा, ते प्रत्येक काउन्सिलचं वेगळं असतं.

माझं स्पष्ट मत: बारचा धंदा किरकोळ असेल तर छोट्या क्लबने कायमचं, म्हणजे क्लब लायसन्स ठेवूच नये. १०० पेक्षा कमी माणसांच्या ३ ते १२ कार्यक्रमांना क्लास २ स्पेशल लायसन्स (ठरावीक कार्यक्रमांपुरता दारूचा परवाना) पुरतं, २०१३ च्या नियमांत त्याची फी २०७ डॉलर आहे. मात्र दर शनिवारचा बार असा चालवता येणार नाही. कायमचं लायसन्सच योग्य आहे असं लायसन्स देणाऱ्या समितीला वाटलं तर ती स्पेशल नाकारते.

आणि हो, मराठी मंडळाला दिवाळीसाठी हॉल भाड्याने देत असाल तर लक्षात ठेवा, क्लब लायसन्सवर सभासद, त्यांच्यासोबत आलेले पाहुणे आणि परस्पर सवलत असलेल्या क्लबांचे सभासद एवढ्यांनाच दारू विकता येते. बाहेरच्यांना विकायची असेल तर स्पेशल लायसन्स काढावंच लागतं.

नकाशाची प्रत तुमच्याकडे नसेल तर लोकल गव्हर्नमेंट ऑफिशियल इन्फर्मेशन अँड मीटिंग्ज ॲक्ट १९८७ खाली काउन्सिलकडे मागा. कामाच्या २० दिवसांत निर्णय कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. नकाशा हाती आला की त्याच दिवशी हरकत टाका.