वाचकांचे प्रश्न : सांगली-मिरजेतील रोजचे येणे-जाणे

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. सोळा वर्षांच्या मुलीला विश्रामबागेतील महाविद्यालयात अकरावीला प्रवेश मिळाला आहे. मैत्रिणी स्कूटरने येतात, म्हणून तिलाही स्कूटर हवी आहे. सासूबाई ७६ वर्षांच्या असून त्यांना महिन्यातून एकदा मिरजेच्या रुग्णालयात तपासणीसाठी न्यावे लागते. यजमान मोटारसायकलवरून कुपवाड एमआयडीसीत जातात. मुलीसाठी स्कूटर आणि सासूबाईंसाठी जुनी मोटार, अशी दोन्ही वाहने कर्ज काढून घ्यावीत असे घरात चालले आहे. आपले मत कळवावे.
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : आपण दोन वाहनांबद्दल विचारले आहे, परंतु त्याआधी एक साधे काम करावे अशी माझी विनंती आहे. एका महिन्यात घरातील कोण, कोठे, किती वाजता आणि किती वेळा गेले हे वहीत लिहून काढावे. आपल्या पत्रावरून पाहता मुलीचा प्रवास रोजचा आणि चार-पाच किलोमीटरचा आहे, तर सासूबाईंचा महिन्यातून एक दिवसाचा आहे. या दोन गरजा इतक्या वेगळ्या आहेत की त्यांचा विचार एकत्र करताच येणार नाही.

मुलीच्या स्कूटरबाबत मला स्पष्टच लिहावे लागेल. मोटार वाहन कायद्यानुसार सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना पालकांच्या संमतीने ५० सीसीपर्यंतच्याच दुचाकीचा परवाना मिळू शकतो, आणि आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोल स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. म्हणजे अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत ती स्कूटर तिच्या हाती देणे बेकायदेशीर ठरेल. २०१९ मध्ये कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ‘सगळ्याच मुली नेतात’ या वाक्याला या तरतुदींपुढे काही अर्थ उरत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी सकाळच्या गर्दीत एसटी, मालट्रक आणि रिक्षा यांच्यामधून वाट काढण्याची जबाबदारी नुकत्याच दहावी झालेल्या मुलीवर टाकू नये, असे मला मनापासून वाटते.

विजेवर चालणारी, २५० वॅटपर्यंतच्या शक्तीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणारी कमी वेगाची दुचाकी हा कायद्यात बसणारा पर्याय आहे. तिला नोंदणी वा परवाना लागत नाही. मात्र विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर विसंबून न राहता या मर्यादांचे प्रमाणपत्र स्वतः पाहावे, आणि कायदा मागत नसला तरी हेल्मेट घालण्याचा आग्रह धरावा.

तरीही माझी पहिली पसंती सायकललाच आहे. सांगली सपाट आहे. साताऱ्यात पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे सायकल नेणाऱ्याला चढावर दम लागतो. आपल्याकडे गावभागातून विश्रामबागेपर्यंत तसा चढ कोठेही नाही, आणि हे अंतर अर्ध्या तासाच्या आत सहज पार होते. मी स्वतः अनेक वर्षे याच वाटेने सायकलने गेलो आहे. त्यावरून इतके सांगतो की, जेथे शक्य असेल तेथे सांगली-मिरज मुख्य रस्ता टाळून वसाहतींमधील आतल्या रस्त्यांनी जावे, मागे लाल परावर्तक आणि पुढे दिवा लावून घ्यावा, आणि शिकवणी संपून अंधार होणार असेल त्या दिवशी सायकलऐवजी बसने जावे.

बस म्हणजे अर्थातच एसटीची शहरी सेवा. अनेक शहरांत महापालिकेची स्वतःची परिवहन सेवा असते. सांगली आणि मिरज या दोन शहरांना मात्र एसटीच जोडते, आणि विश्रामबाग याच मार्गावर असल्याने मुलीची सोय होते. एसटीकडून विद्यार्थ्यांना मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते. बारावीपर्यंतच्या मुलींसाठी मोफत पासाचीही योजना आहे. ती आपल्या मार्गाला लागू होते का, हे महाविद्यालयाचा दाखला घेऊन पासाच्या खिडकीवर विचारावे. पावसाळ्यात बस आणि एरवी सायकल अशी विभागणी केली, तर दोन वर्षांनी ती परवाना काढण्याच्या वयाची होईपर्यंत कर्जाची गरज पडणार नाही.

आता सासूबाई. महिन्यातल्या एका दिवसासाठी मोटार घेणे मला पटत नाही. हप्ता, विमा आणि दुरुस्ती हा खर्च गाडी उभी असतानाही चालूच राहतो, आणि गावभागाच्या बोळांमध्ये ती उभी करायची कोठे, हा प्रश्न वेगळाच. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे लागू झाले, हे आपणास ठाऊक असेलच. परंतु लांब पल्ल्याच्या गाडीचे आणि शहरी सेवेचे सवलतीचे नियम एकच असतील असे धरून चालू नये. चढण्यापूर्वी वाहकाला विचारावे. शिवाय, गुडघे दुखत असतील तर बसची उंच पायरी आणि गर्दी यांपुढे सवलतीचे मोल उरत नाही.

म्हणून त्या दिवसापुरती माहितीतल्या चालकाची रिक्षा ठरवावी. दारातून निघून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत पोहोचणे हीच त्यांची खरी गरज आहे आणि ती रिक्षाच भागवते. मात्र रिक्षा थांबवून ठेवू नये; तपासणीला किती तास लागतील ते आधी सांगता येत नाही, आणि थांबण्याचे पैसे भाड्याएवढे होऊन बसतात. परतताना मिरजेतूनच दुसरी रिक्षा करावी. शेअर रिक्षा किंवा वडाप स्वस्त पडते हे खरे, पण दाटीवाटीने बसवल्या जाणाऱ्या वाहनात आजारी वृद्ध व्यक्तीला नेऊ नये.

प्रश्न : मी रोज मिरजेहून सांगलीला नोकरीसाठी येतो. रेल्वे सोयीची की बस?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बस. मिरज मोठे जंक्शन असले तरी गाड्यांच्या वेळा लांबच्या प्रवाशांसाठी आखलेल्या असतात, कार्यालयाच्या वेळेसाठी नव्हे. एसटीचा मासिक पास घ्यावा. त्यात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो.

प्रश्न : आमचे घर नदीकाठी आहे. पुराच्या दिवसांत वाहनाचे आणि दवाखान्याच्या फेऱ्यांचे काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले, बसस्थानकाचा परिसर पाण्याखाली गेला आणि कोल्हापूरकडचा रस्ता बंद पडला. म्हणून इशारा पातळीची वाट न पाहता, पाणी ३५ फुटांच्या आसपास असतानाच वाहन उंच भागातील नातेवाइकांकडे नेऊन ठेवावे. घरात डायलिसिससारखे नियमित उपचार घेणारे कोणी असेल, तर त्यांनाही त्याच वेळी रुग्णालयाच्या बाजूला हलवावे. नंतर होडी मिळेल या भरवशावर राहू नये. साचलेल्या पाण्यातून दुचाकी घालू नये, कारण उघडी गटारे दिसत नाहीत. पाण्यात बुडालेले वाहन मात्र मेकॅनिकला दाखवल्याशिवाय सुरू करू नये. सुरू करण्याच्या एका प्रयत्नातच इंजिनात पाणी ओढले जाते.