कोरलला रोज तेच पाणी हवं असतं: रीफ टँकवरचे तुमचे प्रश्न

ह्या वेळी सगळे प्रश्न खाऱ्या पाण्याच्या टँकचेच घेतलेत, म्हणजे ज्यात कोरल (प्रवाळ) वाढवतात त्या रीफ टँकचे. सारखे असलेले प्रश्न एकत्र केलेत, त्यामुळे तुमचं पत्र जसंच्या तसं दिसलं नाही तरी उत्तर इथे सापडेल.

प्रश्न : ताई, आमच्याकडे सहा वर्षं गोड्या पाण्याचा टँक आहे, गप्पी, टेट्रा सगळे मजेत आहेत. आता रीफ करायचाय. ६० लिटरचा एक टँक रिकामा पडलाय, त्यात जमेल का? आणि मासे किती दिवसांनी सोडायचे?

जमेल, पण पहिलाच रीफ असेल तर मी १५० ते २०० लिटर म्हणेन. लोकांना वाटतं छोटा टँक म्हणजे सोपा, खाऱ्या पाण्यात ते बरोबर उलटं आहे. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. ६० लिटरमधून २ लिटर पाणी उडालं की खारटपणा ३५ पीपीटीवरून (हजार भागांत ३५ भाग मीठ) ३६ च्या वर गेला, तेवढंच पाणी २०० लिटरमधून गेलं तर जेमतेम पाव-अर्धा पॉइंटचा फरक. म्हणून रोज उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच भरायचं, खारं नाही (ही चूक नवीन माणूस हमखास करतो). ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावता आला तर पहिल्या दिवसापासून लावा. वजनाचाही विचार करा, २०० लिटरचं नुसतं पाणीच २०० किलोच्या वर जातं, त्यात दगड, काच, सम्प (टँकखालची जोडटाकी) आणि स्टँड आलं की ३०० सहज होतात.

पाणी आरओ-डीआयचं (गाळून क्षार काढून टाकलेलं), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार ० दाखवणारं. नळाच्या पाण्यातून फॉस्फेट, सिलिकेट, क्लोरीन येतं, कधीकधी तांबंही येतं आणि तांब्याचा अगदी थोडा अंश कोळंबी-गोगलगायींना मारायला पुरतो. मीठ म्हणजे रीफसाठी मिळतं तेच, स्वयंपाकाचं किंवा गोड्या पाण्यात आपण औषध म्हणून टाकतो ते नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं. वेगळ्या टबात पंप आणि हीटर लावून मिसळा, पाणी पूर्ण निवळलं की मगच वापरा. २५ अंशांना स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (साध्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२६ हवी. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर घेतलात तर त्याचं कॅलिब्रेशन ३५ पीपीटीच्या स्टँडर्ड द्रावणावर करा, नुसत्या आरओ पाण्याने शून्य लावलं की वर ३५ ला काटा भलतीकडेच असू शकतो.

आणि फिल्टर म्हणाल तर खरा फिल्टर दगडच, त्यावर राहणाऱ्या बॅक्टेरियांमुळे. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन इंग ह्यांनी लेख लिहून दाखवलं होतं की समुद्रातले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर सागरी टँक चालतो. पुढे जर्मनीतल्या हौशी लोकांनी त्याला स्किमर आणि तगडा लाइट जोडला, ती बर्लिन पद्धत आणि आज आपण बहुतेक जण तीच थोडीफार बदलून वापरतो. स्किमर बारीक बुडबुड्यांना चिकटलेली घाण सडायच्या आधीच बाहेर काढतो, हे काम गोड्या पाण्याचा फिल्टर करत नाही. दगड मात्र समुद्रावरून उचलून आणू नका, ड्राय रॉक घ्या.

मासे किती दिवसांनी? दिवस मोजू नका, टेस्ट किट बघा. कोरड्या दगडावर बाटलीतले बॅक्टेरिया टाकून अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) घाला, आणि तो अमोनिया आणि त्यातून तयार होणारा नायट्राइट दोन्ही २४ तासांत शून्यावर यायला लागले की सायकल झाली, म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया तयार झाले. बहुतेकदा ४ ते ६ आठवडे लागतात. गोड्या पाण्यात तुम्ही हे केलंय, इथे फक्त धीर जास्त लागतो.

प्रश्न : टँकला सात आठवडे झाले. वाळूवर तपकिरी थर आलाय, काचेवर पण. एकाने शेवाळ मारायचं औषध दिलंय, टाकू का?

नका टाकू. हे डायअॅटम (सूक्ष्म तपकिरी शेवाळ) आहेत, नव्या दगडा-वाळूतलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात. मग हिरवं शेवाळ येईल, तेही येऊ द्या. नवा दगड म्हणजे रिकामा प्लॉट, कोणीतरी येऊन बसणारच, हळूहळू गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ जागा घेतं आणि मग बाकीच्यांना पाय ठेवायला जागा उरत नाही. तोवर ट्रोकस किंवा टर्बो गोगलगायी सोडा, लांब केसांसारखं शेवाळ हाताने उपटा, लाइट थोडा कमी वेळ ठेवा.

पण एक नीट बघा. तपकिरी थर दोऱ्यांसारखा लोंबतोय, त्यात बुडबुडे अडकलेत, आणि गोगलगायी गळून पडतायत असं असेल तर ते डायनोफ्लॅजेलेट नावाचे दुसरेच सूक्ष्म जीव असू शकतात आणि त्याचा इलाज उलटा आहे. ते बऱ्याचदा नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्य झालेल्या टँकमध्ये फोफावतात, म्हणजे साफसफाईचा अतिरेक झाल्यावर. सगळं शून्य दिसलं की आपल्याला आनंद होतो पण कोरल त्याच्यावर उपाशी राहतं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असू द्या.

प्रश्न : आठ महिन्यांचा टँक आहे. अॅक्रोपोराची (फांद्यांच्या कोरलची) टोकं पांढरी पडतायत. कॅल्शियम ४२० आहे, म्हणजे ठीक. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट, माप डीकेएच) दर रविवारी बघतो, गेले चार रविवार ७, ९.५, ६.८, १० डीकेएच आली. कमी दिसली की ती वाढवायची पावडर, बफर, टाकतो. तरी का होतंय?

तुमच्या पत्रात उत्तर तुम्हीच लिहून पाठवलंय. ७, ९.५, ६.८, १०. ह्यातला प्रत्येक आकडा एकेकटा घेतला तर कोरल चालवून घेईल, ७ वर सुंदर चाललेले टँक आहेत आणि १० वर चाललेलेही आहेत, पण आठवड्याला तीन डीकेएचचा झोका अॅक्रोपोराला झेपत नाही. खुल्या समुद्रातलं रीफ वर्षानुवर्षं ७ च्या आसपासच्या पाण्यात उभं असतं. माझी स्वतःची पहिली अॅक्रोपोराची वसाहत अशीच गेली, दोन दिवसांत सालपटासारखं मांस निघून पांढरा सांगाडा राहिला, आणि मी त्या दिवशी सकाळी पीएच कमी दिसला म्हणून मूठभर बफर ओतला होता. ते अजून डोळ्यासमोर आहे, म्हणून इतकं लांबलचक लिहितेय.

आता काय करायचं ते सांगते. एक आकडा ठरवा, समजा ८. आत्ता १० असेल तर काही न टाकता स्वतःहून खाली उतरू द्या. मग ८.५ च्या आसपास आली की चार दिवस रोज ठरलेल्या वेळी मोजा, मध्ये पाणी बदलू नका. समजा ८.४, ८.१, ७.८, ७.५ आली. म्हणजे तुमचा टँक रोज ०.३ खातोय. ८ वर यायला जे अर्धं कमी पडतंय ते रोजच्या ०.३ च्या वर दोन दिवसांत हळू भरा आणि त्यानंतर रोज बरोबर ०.३ एवढीच द्या, डोसिंग पंप असेल तर दिवसभरात तुकड्या-तुकड्याने, हाताने देत असाल तर निदान सकाळ-संध्याकाळ दोन भागात. कोरल वाढलं की हा खप वाढतो, म्हणून दर आठवड्याला मोजून डोस किंचित वाढवायचा. डोस बदलायचा, पण अल्कलिनिटी जागेवरून हलता कामा नये.

कॅल्शियम ठीक दिसतंय ह्यावर विसंबू नका. कोरल सांगाडा बांधताना २.८ डीकेएचमागे साधारण २० पीपीएम कॅल्शियम घेतं. म्हणजे तुमचा टँक रोज ०.३ डीकेएच खात असेल तर कॅल्शियम दिवसाला २ पीपीएम, आठवड्याला पंधराएक, ४२० मधून १५ गेले तर टेस्ट किटच्या चुकीतच लपून जातात, पण अल्कलिनिटी तेवढ्याच वेळात ८ वरून ६ च्या खाली गेलेली असते. म्हणून अल्कलिनिटीच आधी आणि वारंवार बघायची. मॅग्नेशियम १३०० च्या जवळ ठेवा, ते फार घसरलं तर कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून हीटरवर, पंपावर पांढरा थर होऊन बसतात.

आणि पीएच. रात्री लाइट बंद झाला की तो उतरतोच, बंद खोलीत माणसं जास्त असली तर अजून उतरतो कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात जातो. त्याला औषध बफर नाही, खिडकी उघडा. स्किमरची हवा घ्यायची नळी बाहेर काढता आली तर फारच छान.

प्रश्न : ताई मी बारावीत आहे. माझ्या दोन्ही क्लाउनफिशवर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके आलेत. एक जण म्हणतो कॉपरचं औषध टँकमध्ये टाक, एक म्हणतो लसूण खायला दे. काल ठिपके गेले, आज परत आले.

कॉपर त्या टँकमध्ये अजिबात टाकू नकोस. कोळंबी, गोगलगायी, कोरल सगळं मरेल आणि ते दगडात मुरून नंतरही त्रास देत राहील.

ठिपके गेले म्हणजे आजार गेला असं नसतं, म्हणूनच ते परत आले. हा क्रिप्टोकॅरियन नावाचा परजीवी आहे, गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटचा दिसायला भाऊ पण वेगळा जीव. तो माशाच्या कातडीत काही दिवस राहतो, मग गळून खाली वाळूत-दगडावर कवच करून बसतो, तिथे त्याची खूप पिल्लं होतात आणि ती पुन्हा मासा शोधत पोहतात. कवचातून कधी थोड्या दिवसांत बाहेर येतात, कधी कित्येक आठवडे लागतात. लसणाने मासा कदाचित जरा बरं खाईल, परजीवी मरत नाही.

खरा उपाय म्हणजे सगळे मासे, एकूण एक, वेगळ्या साध्या टँकमध्ये. वाळू नाही, दगड नाही, हीटर, स्पंज फिल्टर आणि लपायला पाइपचे तुकडे. तिथे कॉपर द्यायचं, पण कॉपरची टेस्ट किट हातात असेल तरच, डब्यावरच्या डोसप्रमाणे आणि रोज मोजून. मेन टँक ७६ दिवस बिनमाशांचा ठेव, मासाच मिळाला नाही की परजीवी संपतो. कोरल आणि कोळंबी तिथेच राहू देत, त्यांना हा होत नाही. मला माहितीये ७६ दिवस खूप वाटतात, अभ्यास सांभाळून हे करायचं म्हणजे घरच्यांची मदत घे.

मात्र ठिपके दाण्यांसारखे नसून अंगावर बारीक पिठी पसरल्यासारखी असेल, मासा भराभर श्वास घेत असेल, तर ते वेल्व्हेट नावाचं दुसरं दुखणं असू शकतं, त्यात मासे एक-दोन दिवसांतही जातात. मग आजच हलव.

प्रश्न : वय ६८. टँकमध्ये झोअँथिड (बटणांसारखे दिसणारे कोरलचे भाऊबंद) फार पसरलेत. दगड बाहेर काढून उकळत्या पाण्यात घालून घासावा म्हणतो.

काका, कृपा करून असं करू नका. काही झोअँथिडमध्ये, विशेषतः पॅलिथोआ ह्या प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. दगड उकळल्यामुळे त्याची वाफ घरभर जाऊन घरातली माणसं, कुत्री-मांजरं हॉस्पिटलात गेल्याच्या घटना झालेल्या आहेत. गरम पाणी नको, कोरडं घासणं नको, प्रेशरची फवारणी तर नकोच. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालून पाण्याखालीच हळू खरवडा, निघालेले तुकडे सायफनने ओढून घ्या, किंवा तो दगड ओला असतानाच पिशवीत बंद करून टाकून द्या. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याला सांगा. तोंडात धातूची चव, ताप-थंडी, खोकला, दम लागणं असं काही झालं तर लगेच बाहेर मोकळ्या हवेत या आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द सांगा, नाहीतर त्यांना फ्लू वाटेल.

प्रश्न : मुलीला २०० लिटरच्या टँकमध्ये क्लाउनफिश आणि ब्लू टँग हवेत.

क्लाउन हो, ब्लू टँग नाही. तो ३० सेंटीमीटरपर्यंत वाढतो आणि दिवसभर पोहतो. क्लाउनची दोन छोटी पिल्लं एकत्र आणा, घरी पैदास केलेली. सगळे नर म्हणून सुरुवात करतात, जो मोठा आणि दांडगा ठरतो तो मादी होतो, हे बघायला मुलीला मजा येईल. क्लाउन ज्यात राहतो तो अॅनिमोन वर्षभर तरी आणू नका, तो चालतो आणि पंपात जाऊन चिरडतो. टँगच्या जागी वॉचमन गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी आणा. कोळंबीला नीट दिसत नाही, ती एका मिशीने माशाला धरून बीळ खणत राहते आणि मासा दाराशी पहारा देतो. मूल तासन्तास बसतं समोर.

प्रश्न : चार तास लाइट गेली तर काय आधी बिघडतं?

ऑक्सिजन. गरम-थंड व्हायला वेळ लागतो, श्वास आधी कोंडतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असायलाच हवा. दुसरं, पंप थांबला की वरच्या टँकचं पाणी रिटर्नच्या (सम्पमधून पाणी वर नेणाऱ्या) पाइपातून उलटं सम्पमध्ये उतरतं आणि सम्पमध्ये तेवढी जागा नसेल तर ते सगळं जमिनीवर. हे लाइट जायची वाट न बघता आजच तपासा, रिटर्न पंपाचा प्लग काढा आणि पाणी कुठपर्यंत चढतंय ते सम्पजवळ उभं राहून बघा.