बापाची रजा

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

सूनबाईला दिवस गेल्याचं वाचून फार आनंद झाला. पण तुझ्या मेलमधल्या एका वाक्यापाशी मी अडले. नोकरीसाठी तू स्वीडनला निघालायस, आणि स्टॉकहोमच्या तुझ्या मॅनेजरने पहिल्याच कॉलवर ‘बाळ झाल्यावर तू रजा कधी घेणार?’ असं विचारलं आणि तू गडबडलास. वर मला लिहिलंस, ‘त्यांची संस्कृतीच वेगळी, मावशी. आपल्या रक्तातच नाही ते.’ हे मला अजिबात मान्य नाही.

रक्तात त्यांच्याही नव्हतं. स्वीडनने १९७४ साली आईची रजा आई-बाप दोघांची केली, तेव्हा बाप तिच्याकडे फिरकेनात. सरकारने लेनार्ट डालग्रेन नावाच्या धिप्पाड वेटलिफ्टरचा तान्ह्या बाळाबरोबरचा फोटो पोस्टरवर छापला, तरी फारसं काही हललं नाही. मग १९९५ साली एक महिना बापाच्या नावावर राखून ठेवला. घेतला नाहीस तर बुडाला, बायकोला देता येणार नाही. तेव्हा कुठे पुरुष अर्ज भरू लागले. आज तिथे एका मुलामागे ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकाचे स्वतःचे. तरीही जास्त दिवस आयाच घेतात, हेही ध्यानात असू दे.

मला याबाबत सगळ्यात जास्त शिकवलं ते जर्मनीने. भाषा एक, सणवार तेच, आणि मधोमध सीमा. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदाच सांगत होता की घर बायकोने बघायचं, नोकरी करायचीच तर संसार सांभाळून. पूर्वेला सरकारला कामाला माणसं हवी होती. त्यांनी गल्लोगल्ली पाळणाघरं उघडली आणि लेकुरवाळ्या बाईने कारखान्यात जाणं ही रोजची गोष्ट झाली. चाळीस वर्षांत सख्ख्या चुलत बहिणींच्या मनात चांगल्या आईची दोन वेगळी चित्रं तयार झाली. १९९० मध्ये देश एक झाला, पण आजही पूर्वेकडच्या आया पूर्णवेळ नोकरी जास्त करतात आणि मूल लहान असतानाच पाळणाघरात पाठवतात. आता यात रक्ताचा काय संबंध, सांग बघू? सोयी वेगळ्या होत्या, कायदे वेगळे होते, शेजारीण काय करते ते वेगळं होतं.

जायच्या आधीच्या ट्रेनिंगमध्ये तुला बहुधा होफस्टीड या डच अभ्यासकाचा, देशोदेशींच्या संस्कृती आकड्यांत मांडणारा तक्ता दाखवतील. ‘पौरुषाच्या’ निर्देशांकात (आकडा जितका मोठा, तितकं स्पर्धेला आणि यशाला जास्त महत्त्व) जपान ९५, भारत ५६, स्वीडन ५. बघ जरूर, पण ती देशाची पत्रिका समजू नकोस. मूळ माहिती १९७० च्या आसपास आयबीएम या संगणक कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडून घेतलेली आहे. त्याच ९५ वाल्या जपानात बापाला कायद्याने भरपूर रजा होती, पण २०१२ साली शंभरातले दोघेसुद्धा ती घेत नव्हते. साहेब काय म्हणेल, कामाचा भार कोणावर पडेल, ही धास्ती. २०२२ पासून बंधन आलं की, कर्मचाऱ्याकडे मूल होणार असं कळलं की कंपनीनेच त्याला रजेबद्दल विचारायचं. २०२३ मध्ये प्रमाण तीस टक्क्यांवर गेलं. तुझ्या मॅनेजरच्या साध्या प्रश्नात किती ताकद आहे ते यावरून ओळख.

आपल्याकडे हा प्रश्न पुरुषाला कोणी विचारतच नाही. २०१७ पासून आईला २६ आठवडे मिळतात, तो पगार बहुतेकदा मालकाच्या खिशातून. म्हणून मुलगी नोकरीला घेतानाच काही मालक का-कू करतात. केंद्र सरकारी नोकरीत बापाला १५ दिवस, खासगीत त्याच्यासाठी कायदाच नाही. संध्याकाळच्या डोंबिवली लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडली जाते, पुरुषांच्या डब्यात भजन रंगतं. दोघंही तितकीच दमलेली असतात. २०२४ च्या सरकारी पाहणीत स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जात होती, पुरुषांची ८८. मला हे वाचून आजही राग येतो, आणि तुझ्या पिढीकडून माझी आशा आहे म्हणूनच एवढं लांबलचक लिहिते आहे.

तर रजा घे, आणि सूनबाई घरात असताना नको घेऊस. तिची रजा संपल्यावर, सलग काही महिने घे. दोघं घरी असलात की तू ‘मदत’ करशील. डायपर संपत आलेत, ताप आलाय, लसीची तारीख कधी, हे सगळं तिच्याच डोक्यात राहील. एकटा असलास की आपोआप तुझ्या डोक्यात येईल. तेवढ्यात तिला स्वीडिश शिकता येईल. परदेशातून आलेल्यांसाठी नगरपालिकेचे मोफत वर्ग असतात, तिचं नाव पोचल्यावर लगेच घाल. भाषेशिवाय तिला मनासारखी नोकरी मिळणं कठीण.

राहिली तुझी आई. ती माझी मैत्रीण आहे म्हणून मला मध्ये घालू नकोस, तूच बोल. बाळंतपणाला ती येणारच, येऊ दे, डिंकाचे लाडू आणि बाळाचं मालिश तिच्याइतकं कोणाला जमायचं नाही. पण तुझी रजा सुरू व्हायच्या आधीचं परतीचं तिकीट काढ. नाहीतर ती तुला बाळाचं दुपटंसुद्धा धुऊ देणार नाही आणि तू स्वतःच्या घरात पाहुणा होशील. हे तिला तिकीट काढायच्या आधी सांग, तिकडे गेल्यावर फोनवर नको. समोर बसून, चहा घेताना. रागावेल, दोन दिवस बोलणार नाही. पण ऐकेल.

कळावे,
तुझी मावशी