स्वस्तातला ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर जोडता येणारा होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) घ्यावा का? वापरणाऱ्यांचा अनुभव काय आहे?

घ्या, खोली बेताची असेल तर नक्की घ्या. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. बारा बाय पंधराच्या हॉलमध्ये तीन वर्षं असाच साधा रिसीव्हर वापरतोय आणि तो भरपूर पुरतो.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्याला मात्र भुलू नका. तो बऱ्याचदा एकच चॅनेल चालवून, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं) धरून मोजलेला असतो. पाचही स्पीकर एकदम वाजले की प्रत्येकाच्या वाट्याला त्याहून बरंच कमी येतं. तरी घरात ऐकायला तेवढं बास होतं.

खरा फरक पडला तो सेटिंगने. रिसीव्हरच्या मेनूत स्पीकर ‘स्मॉल’वर ठेवून क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ केला, म्हणजे त्याखालचा खर्ज सबवूफरकडे जातो; मग सेंटर स्पीकर दोन-तीन डेसिबलने वाढवला. संवाद इतके स्वच्छ झाले की आईला आता सबटायटल लागत नाहीत! टीव्हीची एचडीएमआय केबल ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज परत रिसीव्हरकडे पाठवणारी सोय) लिहिलेल्या पोर्टातच घाला, नाहीतर त्या केबलमधून टीव्हीचा आवाज रिसीव्हरला मिळत नाही.

त्रास एकच झाला. पहिल्या उन्हाळ्यात बंद शोकेसमध्ये ठेवल्याने तो तापून आपोआप बंद पडायचा. बाहेर काढून वर वीतभर जागा सोडली, तेव्हापासून तक्रार नाही.

जुने स्पीकर जोडणार असाल तर रिसीव्हरच्या मागे किमान किती ओहमचे (विद्युत रोधाचे) स्पीकर चालतात असं लिहिलंय तेवढं आधी बघून घ्या.