लांडग्यांकडे बघण्याची लोकांची नजर खरंच बदलली आहे का?

बदलली आहे, पण कायद्यात जास्त आणि माळावर कमी. इंग्रजांच्या काळात लांडगा मारून आणला की सरकार बक्षीस द्यायचं. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तोच लांडगा वाघाच्या पंक्तीला, पहिल्या अनुसूचीत आहे.

मात्र कोकणात वाघोबाचं देऊळ सापडतं, वाघबारस असते. लांडग्याच्या वाट्याला आली फक्त 'लांडगा आला रे'ची गोष्ट!

सासवड, बारामती, इंदापूरकडच्या माळांवर खरा संबंध येतो तो मेंढपाळ धनगरांचा. रात्री मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून, कुत्री सोडून राखण करायची, तरी एखादं कोकरू जातंच. वनखाते भरपाई देतं, पण त्यासाठी पंचनामा लागतो. लांडग्याने कोकरू ओढून नेलं तर दाखवायचं काय? आणि मेंढरांसकट वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, दोन दिवसांत पुढच्या गावाला निघालेला असतो. तरीही बरेच मेंढपाळ 'तोही पोटासाठीच येतो' म्हणून सोडून देतात.

माझ्या मते आता लांडग्याला त्यांच्यापेक्षा मोठा धोका प्लॉटिंगवाल्यांचा आहे. गवताळ माळ कागदोपत्री 'पडीक', म्हणून तो पहिल्यांदा विकला जातो. पुण्यातले फोटोग्राफर मात्र लांडग्यावर फिदा आहेत.