बाबांची कंबरदुखी जुनी आहे, 'विडीनेच जरा बरं वाटतं' म्हणतात. विडी सोडायला कसं समजवावं?

तुमचे बाबा खोटं बोलत नाहीत, हे आधी मान्य करा. विडीतल्या निकोटीनने कळ खरंच थोडा वेळ दबते. ते उतरलं की तलफ येते, अंग ताठतं आणि तीच कळ जास्त जाणवते. मग पुढची विडी. शिवाय मणक्यांमधल्या गादीला पोषण मिळतं ते आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्यांतून, आणि त्याच वाहिन्या निकोटीनने आकसतात.

माझा थोरला भाऊ इचलकरंजीत यंत्रमागावर होता. 'मणक्यात गॅप आहे' असं कळल्यापासून त्याच्या विड्या वाढल्या. पहाटे भिंत धरत उंबऱ्यापर्यंत यायचा, खाली बसता यायचं नाही म्हणून उभ्यानेच काडी ओढायचा. मी काही बोलले की आत्या मध्ये पडायची, "आधीच जीव नकोसा झालाय त्याला. एवढं एक सुख हाय, ते बी काढून घेतीस व्हय?" या एका वाक्यावर आमच्या घरात विडी कित्येक वर्षं टिकली. आमची आई गेल्यावर आत्यानेच आम्हाला वाढवलं, तिच्या मायेबद्दल शंका नाही. पण ते सुख नव्हतंच. विडीची वेळ टळली की कळ उठायची.

हे दादाला आम्ही नाही पटवलं. फिजिओथेरपीच्या बाईंनी त्याला 'सोडा' म्हटलंच नाही. एवढंच सांगितलं, की विडी पेटवायच्या आधी कंबरेला गरम पाण्याची पिशवी लावा, मग ओढायची तर ओढा. कधी कधी पिशवीवरच भागायला लागलं, आणि निकोटीनचा च्युइंगम त्याने स्वतःहून मागितला. मध्ये एका लग्नात पुन्हा सुरू झाली, पुन्हा सोडली. आता कामाच्या दिवशी रात्री झोप लागते त्याला.

म्हणून बंडलं लपवू नका, शपथा घालू नका. कॅन्सरचे फोटोही दाखवू नका, रोज दुखणाऱ्या माणसाला आजच्या रात्रीचं पडलेलं असतं. कंबरेबद्दलच बोला. १८००-११-२३५६ या सरकारी क्विटलाइनवर, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या नंबरवर, फोन फुकट लागतो, पण तो बाबांनी स्वतः लावायला हवा.

आणखी एक, विडी सोडल्याने कंबर पूर्ण बरी होईल असं वचन देऊ नका. पहिले दोन-चार आठवडे दुखणं वाढल्यासारखं वाटू शकतं, तेवढ्यासाठी औषधाचं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. जुन्या दुखण्यावर देतात ते ड्युलोक्सेटिन चालू असेल तर विडी सोडतोय हे डॉक्टरांना सांगाच. धुरामुळे ते औषध रक्तात कमी राहतं, विडी सुटली की प्रमाण वाढतं. हृदयाचा त्रास असेल तर च्युइंगमही विचारूनच.

आणि 'राहू दे, या वयात कशाला' म्हणणारं कोणी तुमच्या घरात असेलच. बाबांच्या आधी त्यांच्याशी बोला.